शनिवारची रात्र, पार्ट थ्री आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की कमी पैशात बनलेले फायटिंगचे पिक्चर, त्यांचे पार्ट टू पार्ट थ्री आणि जुने हॉरर, यातलं तुम्हाला काय आवडतं आणि कुठे अडतं ते लिहून पाठवा. मेल इतके आले की सगळ्यांना उत्तर द्यायला हे पान पुरणार नाही, म्हणून ज्यात बोलण्यासारखं जास्त आहे तेवढेच घेतलेत, आणि पहिल्या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ थांबलेय कारण तो माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

प्रश्न: ताई, वय ४६, बँकेत नोकरी. मार्शल आर्टचे सिक्वल मला मनापासून आवडतात, त्यातही जे थिएटरला कधी लागलेच नाहीत असे. घरी बायको आणि मुलगी म्हणतात की पार्ट वनला तरी काही दर्जा असतो, पार्ट थ्री म्हणजे कालचं उरलेलं गरम करून वाढणं. त्यांना काय सांगू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दादा, सांगू काहीच नका, एक फाइट दाखवा. ‘अनडिस्प्युटेड’चंच घ्या. पहिला २००२ चा, वॉल्टर हिलसारखा नावाजलेला डायरेक्टर, वेस्ली स्नाइप्स आणि विंग रेम्स, जेलमधलं बॉक्सिंग, रीतसर थिएटरला लागलेला. दुसरा आला २००६ ला आणि थेट डीव्हीडीवर, पैसे कमी, शूटिंग बल्गेरियात, डायरेक्टर आयझॅक फ्लोरेंटाइन, जो आधी पॉवर रेंजर्सच्या सिरीयलवर काम करून आलेला. त्याने काय केलं तर नुसत्या ठोश्यांवर न थांबता लाथा, उड्या, पकडी सगळं आत आणलं, आणि रशियन जेलमधला व्हिलन म्हणून युरी बॉयका उभा केला, स्कॉट ॲडकिन्सने केलाय तो. हिरो खरंतर मायकल जय व्हाइट होता आणि तोही जबरदस्त फायटर, पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते व्हिलनला.

मग २०१० च्या तिसऱ्या भागात बॉयकालाच हिरो केलं आणि माझ्या मते सगळी गंमत इथे आहे. दुसऱ्याच्या शेवटी त्याचा गुडघा मोडलेला असतो, तर तिसरा सुरू होतो तेव्हा हा एकेकाळचा चॅम्पियन जेलमध्ये लंगडत साफसफाई करतोय, कोणी विचारत नाही. तिथून तो परत उभा राहतो, आणि पुढच्या प्रत्येक फाइटमध्ये आपलं लक्ष त्याच्या लाथेपेक्षा त्या गुडघ्यावर असतं, की आता टिकेल ना, आता वळेल ना. दादा, ही भीती पार्ट वनमध्ये येऊच शकत नाही हो, कारण तो गुडघा मोडताना आपण आधीच्या भागात डोळ्याने बघितलेला असतो, तिसऱ्याकडे हे भांडवल आयतं आहे आणि त्यांनी ते नीट वापरलंय.

आता मुलीला शेजारी बसवा आणि त्यातली मार्को झारोरबरोबरची शेवटची फाइट लावा, हा चिलीचा माणूस, एवढा उंच आणि धिप्पाड असून हवेत गिरकी घेतो, आणि तिला फक्त कॅमेरा बघायला सांगा. कॅमेरा लांब उभा आहे, डोक्यापासून पायापर्यंत दोघंही दिसतायत, लाथ जमिनीवरून सुटते, फिरते, लागते, आणि बऱ्याचदा हे सगळं एकाच शॉटमध्ये. मग कोट्यवधीचा एखादा सुपरहिरो पिक्चर लावा आणि एका फाइटमधले कट मोजा. मोठ्या पिक्चरमध्ये सगळा पैसा स्टारवर जातो, त्या स्टारला काही महिने ट्रेनिंग देतात आणि जे जमत नाही ते कॅमेरा हलवून, कट मारून झाकतात. इथे स्टार परवडतच नाही, म्हणून मुळातच ज्याचं आयुष्य तायक्वांदो आणि किकबॉक्सिंगमध्ये गेलंय असा माणूस घेतात, आणि झाकायचं काही नसल्यामुळे कॅमेरा निवांत मागे उभा राहू शकतो. तेव्हा उरलेलं गरम केलंय म्हणणाऱ्यांना सांगा की आमटी दुसऱ्या दिवशीच जास्त मुरते.

आम्ही लहान असताना गल्लीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने आणायचे, त्यात एक पिक्चर बायकांसाठी पौराणिक, एक नवा हिंदी, आणि पहाटेकडे एक फायटिंगचा, तोवर मोठी माणसं झोपलेली. चित्रात मुंग्या आल्या की एक काका झाकण उघडून कोऱ्या नोटेने हेड पुसायचे आणि आम्ही दहा-बारा पोरं श्वास धरून बसायचो की चित्र येतंय का. पहिला भाग कोणी बघितलेलाच नसायचा, कॅसेट हाताला लागेल ती. तेव्हापासून मला पार्ट टूची कधी लाज वाटली नाही आणि तुम्हीही वाटून घेऊ नका.

प्रश्न: मला निंजावाले जुने पिक्चर बघायचेत. कुठून सुरुवात करू, आणि क्रमाने बघायला लागतात का?
– कॉलेज विद्यार्थी, नांदेड

उत्तर: क्रमाची अजिबात काळजी करू नकोस. कॅनन नावाची कंपनी होती, मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या दोघा इस्रायली चुलतभावांनी ऐंशीच्या दशकात चालवलेली, ते कित्येकदा आधी पोस्टर छापायचे, ते दाखवून देशोदेशीच्या डिस्ट्रिब्युटरकडून पैसे उचलायचे आणि मग पिक्चर काढायचे. त्यांचे तीन निंजा पिक्चर आहेत, १९८१, १९८३ आणि १९८४ चे, तिन्हींत शो कोसुगी आहे पण पहिल्यात तो व्हिलन, दुसऱ्यात हिरो, तिसऱ्यात एका डोळ्यावर पट्टी बांधलेला तिसराच कोणीतरी, आणि गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिल्यात फ्रँको नीरो आहे, पण त्याला मार्शल आर्ट येत नव्हतं म्हणून तोंड झाकल्यावर आतला माणूस बराच वेळ माइक स्टोन, जो खरा कराटे चॅम्पियन आणि मूळ गोष्टही त्याचीच.

तू तिसऱ्यापासून सुरू कर, ‘निंजा थ्री: द डॉमिनेशन’. टेलिफोनच्या खांबावर चढून लाइन दुरुस्त करणारी आणि फावल्या वेळात एरोबिक्स शिकवणारी एक मुलगी, तिच्या हातात मरत्या निंजाची तलवार येते आणि त्याचं भूत तिच्या अंगात शिरतं. मग ती रात्री उठून ज्या पोलिसांनी त्याला मारलं त्यांना एकेक करून संपवते आणि सकाळी तिला काही आठवत नाही. कपाटातून तलवार आपोआप तरंगत बाहेर येते, मांत्रिकासारखा एक म्हातारा तिला बांधून भूत काढायला बघतो. आपल्याकडे अंगात येणं, उतरवणं हे ऐकत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हा पिक्चर कळायला काहीच अडचण नाही. फायटिंग आणि भुताटकी एका ताटात एवढ्या बिनधास्तपणे वाढलेली मी दुसरीकडे बघितलेली नाही, आणि सॅम फर्स्टेनबर्गने तो पूर्ण मन लावून केलाय.

प्रश्न: ताई, जुने हॉरर बघायला बसले की इफेक्ट खोटे दिसतात आणि माझी लिंक तुटते. तरी लोक ‘इव्हिल डेड’ला एवढं का मानतात?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, बारामती

उत्तर: इंजिनिअरिंगला आहेस ना, मग त्याच नजरेने बघ. सॅम रेमी विशीचा होता, मित्रांना घेऊन टेनेसीतल्या एका पडक्या लाकडी घरात थंडीत शूटिंग करत होता, ट्रॉली आणि महागड्या यंत्रांना पैसा नाही. पण रानातून घराकडे धावत येणारी वाईट शक्ती तर दाखवायचीय. मग त्यांनी काय केलं, एका लांब लाकडी फळीच्या मधोमध कॅमेरा पक्का बसवला आणि दोन टोकं दोघांनी धरून झाडीतून पळत सुटले. फळी लांब असल्यामुळे एकाचा पाय खड्ड्यात गेला तरी मधल्या कॅमेऱ्याला धक्का कमी लागतो, आणि जो थोडा लागतो त्यानेच ते जिवंत वाटतं. राक्षस बनवायला पैसे नव्हते म्हणून राक्षसाचे डोळेच आपल्याला देऊन टाकले. रक्त म्हणजे मक्याचं सिरप आणि रंग. त्याच रेमीने पुढे २००२ ला ‘स्पायडरमॅन’ केला आणि त्यातही त्याचा कॅमेरा असाच सुसाट पळतो बघ.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ही बघ, १९६८ चा. जॉर्ज रोमेरोने तो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढला आणि त्यात रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, कारण काळ्या-पांढऱ्यात ते बरोबर दाट, काळसर दिसतं. ऐनवेळी पिक्चरचं नाव बदलताना कॉपीराइटची ओळ पडद्यावर टाकायची राहून गेली आणि अमेरिकेत तो सगळ्यांसाठी मोकळा झाला, बनवणाऱ्यांचं यात फार मोठं नुकसान झालं. पण त्याचमुळे तो जिथे तिथे दाखवला गेला आणि झॉम्बी म्हणजे काय ते जगाला पाठ झालं.

इफेक्ट खोटा आहे हे दिसणारच गं. तो पहिल्यांदा बघ घाबरायला आणि दुसऱ्यांदा बघ की हे केलं कसं, दोन्ही वेळा मजा येते.

प्रश्न: मी १९८४ साली ‘पुराना मंदिर’ टॉकीजमध्ये तीनदा पाहिला. आता नातवंडं रामसेंना हसतात तेव्हा वाईट वाटतं. त्यांच्याबद्दल काही लिहा.
– निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर: गुरुजी, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. हॉरर पिक्चर काढणाऱ्या या रामसे भावांचे वडील फतेहचंद रामसे, फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान, नंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. १९७० ला त्यांनी एक पिक्चर काढला तो पडला, पण मुलांच्या लक्षात आलं की भयानक मुखवटा घालून पृथ्वीराज कपूर चोरी करतात तेवढा एक सीन बघायला लोक परत परत येतायत. त्या एका सीनवरून सात भावांनी अख्खा धंदा उभा केला. तुलसी आणि श्याम डायरेक्शनला, कुमार लिहायला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला, आणि सिनेमॅटोग्राफीचं एक इंग्रजी पुस्तक पुढ्यात ठेवून सगळे शिकले.

१९७२ च्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’साठी हे सगळं कुटुंब आणि कलाकार मिळून महाबळेश्वरला गेले, गेस्ट हाउसमध्ये राहिले, घरच्या बायका सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या. सेट लावायला पैसे नाहीत म्हणून खरं धुकं, खरी झाडी, खरी जुनी घरं. महाबळेश्वरचं ते धुकं तुम्हाआम्हाला पावसाळी सहलीतून माहितीये, रामसेंनी त्यात निळ्या आणि लाल जिलेटिनचा लाइट मारला आणि तेच रान परकं करून टाकलं. ‘पुराना मंदिर’मधला राक्षस सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले इंजिनिअर होते, त्यांचा चेहरा आणि उंचीच अशी की मेकअपला फार काम उरलं नाही. नातवंडांना सांगा की दिवाणखान्यातले दिवे बंद करून सामरी पहिल्यांदा डोळे उघडतो तेवढा भाग बघा, मोबाइल बाजूला ठेवून.

प्रश्न: मित्रांबरोबर असे पिक्चर लावले की ते सतत टिंगल करतात. मला तसं बघायला आवडत नाही. मी चुकतोय का?
– पिंपरी-चिंचवड

उत्तर: नाही, अजिबात नाही. हसू आलं तर हसावं, पण हसायचंच ठरवून बसलेल्या माणसाला काही दिसत नाही. एकट्याने बघा, नाहीतर तुमच्यासारखा एखादा शोधा, दोघं पुरे.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा आहे, ‘इव्हिल डेड’ दाखवू का?
– एक आई, ठाणे

उत्तर: नको, तो पूर्णपणे मोठ्यांचा पिक्चर आहे आणि त्यातला एक प्रसंग तर मोठ्यांनाही सहन होत नाही. त्याला ‘झपाटलेला’ दाखवा, १९९३ चा, रामदास पाध्येंचा तात्या विंचू पुरेसा घाबरवतो आणि लक्ष्याही आहे सोबतीला.

प्रश्न: ‘इव्हिल डेड’चा पहिला भाग न बघता थेट दुसरा बघितला तर चालेल का?
– लातूर

उत्तर: हो, आणि चालण्याचं कारणही मजेशीर आहे. १९८७ ला दुसरा काढताना रेमीला आधीच्या पिक्चरचे सीन वापरायचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून मागची गोष्ट सांगायला त्याने ती सुरुवातीच्या काही मिनिटांत पुन्हा नव्याने शूट केली, तीही बाकीची मित्रमंडळी वगळून, फक्त हिरो ॲश आणि त्याची मैत्रीण. त्यामुळे ती काही मिनिटं बघितली की तुम्हाला लागणारं सगळं कळतं. पुढे ॲश झालेला ब्रूस कॅम्पबेल स्वतःच्याच झपाटलेल्या हाताशी स्वयंपाकघरात मारामारी करतो, हात त्याच्या डोक्यावर बशा फोडतो, केस धरून आपटतो, आणि हे सगळं तो एकटा माणूस करतोय, समोर कोणी नाही. तो सीन रात्री बघा, आणि संपल्यावर लगेच परत एकदा लावा.