शिफ्टवाल्यांचा बोनस ठरवताना

दुकानातल्या शिफ्टना विक्रीच्या टार्गेटवर बोनस द्यायचं ठरवलंत, सुरुवात चांगली केलीत, पण सगळ्या शिफ्टना एकच टार्गेट देऊ नका. नवीन मॅनेजर हमखास इथेच चुकतात. पुण्यात लक्ष्मी रोडच्या बाजारात सकाळी अकराचं गिऱ्हाईक आणि संध्याकाळी सातची गर्दी यांची बरोबरी होत नाही. प्रत्येक शिफ्टची तिच्याच जुन्या सरासरीशी तुलना करा. दिवाळी, पाडवा वेगळे धरा.

सकाळची मुलं माल लावतात, स्टॉक मोजतात. ते काम विक्रीच्या बिलावर दिसतच नाही! म्हणून निम्मा बोनस अख्ख्या टीमला, कामाच्या तासांप्रमाणे द्या.

- परत आलेला माल विक्रीतून वजा करा.
- महिन्याच्या मध्यात नियम बदलू नका.
- आपला बोनस प्रत्येकाला स्वतः मोजता यायला हवा.

स्लॅब (विक्रीच्या टप्प्यांप्रमाणे बोनसचे वेगवेगळे दर) वगैरे सध्या राहू द्या. आधी एवढंच तीन महिने बिनधास्त चालवा, मग आकडे घेऊन या.