राजीनामा कन्नडातही राजीनामाच असतो

वाचकाचा प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये अकरा वर्षे आठ महिने लेथवर काम करतो. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १८,७२० रुपये, घरभाडे व प्रवासाचे वेगळे. कारखान्यात साठेक माणसे आहेत. ऑर्डर कमी झाल्या म्हणून मालक काही मशीन शिनोळीला नेत आहेत आणि आम्हा चौदा जणांना काढणार आहेत. माझ्याच मशीनवर तीन वर्षांपूर्वी लागलेल्या दोन पोरांना मात्र ठेवले आहे. ऑफिसात बोलावून एक कन्नड कागद पुढे केला, "शनिवारी सही करा, ४० हजार घ्या आणि मोकळे व्हा" म्हणाले. नोटीस पगाराचे विचारले तर "तुम्ही सुपरवायझर, तुम्हाला तो कायदा नाही" असे उत्तर मिळाले. दोन वर्षांपूर्वी माझे पद कागदावर 'सुपरवायझर' केले होते, पगार तोच राहिला. शिनोळीला काँट्रॅक्टरकडून नवीन म्हणून घेतो, असेही म्हणतात. काय करू?

उत्तर : आधी त्या कागदाचे बोलू, कारण शनिवार जवळ आला आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन शब्द ठळक दिसतात. एक 'राजीनामे', आणि त्याआधी 'स्वइच्छेयिंद'. पहिल्याचा अर्थ सांगायची गरज नाही, दुसऱ्याचा अर्थ 'स्वखुशीने'. तुमची मुलगी नववीत आहे आणि शाळेत कन्नड शिकते असे तुम्ही लिहिले आहे. तिच्याकडून सगळा कागद वाचून घेतला असता तर मला लिहायला आठवडा लागला नसता. आपल्याकडे कितीतरी घरांत कन्नड वाचणारे तेच एक माणूस असते, आणि नेमके त्यालाच आपण विचारत नाही.

या कागदावर सही करू नका. मालकाने कामावरून कमी केले तर ती कपात होते, आणि कपातीबरोबर पैसे द्यावे लागतात. तुम्ही स्वखुशीने गेलात तर नोटीस पगार आणि कपात भरपाई दोन्ही जातात, ग्रॅच्युइटी, राहिलेला पगार आणि रजेचे पैसे सोडले तर देण्यासारखे फारसे काही उरत नाही. ४० हजार हा त्या एका शब्दाचा भाव आहे.

आता हिशेब करू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली आहे. कपातीच्या मूळ अटी मात्र जवळपास जुन्याच आहेत. किमान एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कारण नमूद करून एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, नाहीतर त्याऐवजी महिन्याचा पगार. तुमच्या बाबतीत तो १८,७२० रुपये. लोक एवढ्यालाच 'हक्क' समजतात आणि तिथेच फसतात, कारण नोटीस पगार हा हिशेबातला लहान आकडा आहे.

मोठा आकडा कपात भरपाईचा. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांची सरासरी मजुरी, आणि वरचा काळ सहा महिन्यांहून जास्त असेल तर तोही पूर्ण वर्ष धरायचा. तुमची अकरा वर्षे आठ महिने म्हणजे बारा वर्षे. महिन्याच्या निम्मे ९,३६० रुपये, त्याला बारा वेळा : १,१२,३२०. ही रक्कम नोकरीवरून काढतानाच हातात पडायला हवी, "नंतर बघू" चालत नाही. १९६० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भरपाई देणे ही कपातीची पूर्वअट आहे, ती पाळली नाही तर कपातच बेकायदा ठरते.

ग्रॅच्युइटी वेगळी. तिचे गणित २६ दिवसांच्या महिन्याने होते, म्हणजे १८,७२० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२ : १,२९,६०० रुपये. ग्रॅच्युइटी आणि कपात भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिली म्हणून दुसरी माफ होत नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण दोन्हींत पंधरा दिवस येतात आणि हिशेब करणारे अकाउंटंट त्यांना सोयीने एकत्र करून टाकतात. नव्या संहितेत आणखी एक भर आहे. काढलेल्या कामगाराला नवे काम शिकता यावे म्हणून असलेल्या पुनर्कौशल्य निधीत मालकाने तुमच्या नावाने पंधरा दिवसांचा शेवटचा पगार, म्हणजे ९,३६० रुपये भरायचे आणि कपातीनंतर ४५ दिवसांत ती रक्कम तुमच्या खात्यात जमा व्हायची. सगळे मिळून २,७०,००० रुपये होतात. त्यावर राहिलेला पगार आणि शिल्लक रजेचे पैसे. थकलेला पगार काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा, ग्रॅच्युइटीला तीस दिवसांची मुदत आहे. पीएफ तुमचाच पैसा आहे, तो कोणत्याही सेटलमेंटमध्ये 'देतो' म्हणून मोजू देऊ नका.

सुपरवायझरचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, आणि मालकाचा सल्लागार हुशार असेल तर तोच जोरात मांडेल. महिन्याला १८ हजारांहून जास्त वेतन घेणारा पर्यवेक्षक 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, हे खरे आहे. तुमचे वेतन १८,७२० आहे, म्हणजे रेषेच्या थोडेसेच वर. पण न्यायालय पदाच्या नावावर जात नाही, मुख्य काम काय होते ते पाहते. तुम्ही अजून लेथवर उभे राहता का? दुसऱ्याला रजा मंजूर करता का? कुणाला कामावर ठेवायचे वा काढायचे ते ठरवता का? कुणाच्या कामाचा अहवाल लिहिता का? पहिल्याचे उत्तर हो आणि बाकीच्यांचे नाही, असे असेल तर तुम्ही लेथ ऑपरेटरच आहात, कागदावर काहीही छापले असले तरी. दोन वर्षांपूर्वी पगार न वाढवता दिलेले 'सुपरवायझर' पद म्हणजे शर्टावरची चिठ्ठी. पण हे सिद्ध तुम्हाला करायचे आहे. म्हणून आजपासून रोजच्या जॉब कार्डाचा, मशीनवर दिलेल्या ड्रॉइंगचा, शिफ्टच्या व्हॉट्सॲप मेसेजचा फोटो घेऊन ठेवा. बरोबरच्या दोघा-तिघांना विचारून ठेवा.

त्या दोन पोरांचेही बोलू, म्हणजे त्यांचे काही वाईट न चिंतता. त्याच प्रकारच्या कामातल्या माणसांत जो शेवटी आला तो पहिला जातो, असा नियम आहे. अकरा वर्षांच्या माणसाला काढून तीन वर्षांचा ठेवायचा असेल तर मालकाने कारण लेखी नोंदवायला हवे. तुमच्या तक्रारीत ही ओळ असलीच पाहिजे. आणि वर्षभरात मालकाला पुन्हा माणसे लागली, तर काढलेल्यांना आधी विचारावे लागते.

शिनोळीबद्दल दोन प्रश्न एकत्र अडकले आहेत. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. म्हणून तुमच्या ओळखीच्या माणसाने पुण्याच्या वकिलाचा व्हिडिओ दाखवून 'अनुचित कामगार प्रथां'ची तक्रार करा म्हटले असेल. ती तक्रार १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली होते, तो कायदा इथे लागू नाही. तुमची नोकरी बेळगावात झाली, काढणार बेळगावातून, त्यामुळे तक्रार इथेच, इथल्या कामगार खात्याच्या कार्यालयात. मालक कोल्हापूरचा असो वा कंपनीची नोंदणी मुंबईत असो, त्याने फरक पडत नाही. सीमाभागात राहून मराठीतले सल्ले ऐकताना ही एक गल्लत वारंवार होते, त्यात महिने वाया जातात.

दुसरा प्रश्न, तिकडे जावे का? उद्योग खरोखर हस्तांतरित होत असेल तर जुन्या अटींवर आणि मागची वर्षे सलग धरून नव्या मालकाने घेतले, तर भरपाई मिळत नाही, कारण नोकरीच तुटलेली नसते. तुम्हाला मात्र काँट्रॅक्टरकडे 'नवीन' म्हणून बोलावत आहेत. म्हणजे बारा वर्षे गेली आणि शून्यापासून सुरुवात, तीही दुसऱ्याच्या नावावर. हे हस्तांतरण नाही. सेवा सलग धरू आणि पगार कमी होणार नाही, असे लेखी दिले तर विचार करा, घरापासून फार लांब नाही. नुसत्या तोंडी आश्वासनावर नको.

तोपर्यंत रोज कामावर जा. गेटवर अडवले तर त्याच दिवशी मालकाला स्पीड पोस्टने पत्र टाका : अमुक तारखेला कामावर आलो, आत घेतले नाही, मी राजीनामा दिलेला नाही. मराठीत लिहिले तरी चालेल, फक्त इंग्रजी किंवा कन्नड प्रत जोडा, म्हणजे कार्यालयात कुणी बाजूला ठेवणार नाही. नोटीस म्हणून कागद दिला तर घ्या, पोच द्या, आणि सहीशेजारी लिहा : 'मिळाले, मजकूर मान्य नाही', तारखेसह. पैसे थेट बँकेत टाकले तर परत करायची गरज नाही, 'हक्क राखून स्वीकारले' एवढे पत्र पाठवा. ईएसआयकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, कपात झाल्यामुळे वा कारखाना बंद पडल्यामुळे नोकरी गेलेल्यांसाठी बेकारी भत्त्याची योजना आहे, राजीनामा देणाऱ्यांसाठी नाही. तोही त्या एका शब्दाचा खर्च.

साठ माणसांचा कारखाना असल्यामुळे सरकारची आगाऊ परवानगी इथे लागत नाही, ती मर्यादा आता तीनशेची आहे. पण कपातीची सूचना सरकारला द्यावी लागते.

कामगार खात्याकडे वाद नेल्यावर तिथे समेटाचा प्रयत्न होतो. तो फसला तर पुढे न्यायाधिकरण. नव्या संहितेत वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे, पूर्वी तीन होती. पण तितके थांबायचे कशाला. वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बेळगावच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. चौदा जण एकत्र जा, आणि त्या चौदांपैकी कुणी आधीच सही केली असेल तर त्याला आजच बरोबर घ्या. दबावाखाली, न समजलेल्या भाषेतल्या कागदावर घेतलेली सही हा स्वेच्छेचा राजीनामा आहे का, यावर भांडता येते, पण ते लवकर आणि लेखी सांगितले तर.

शनिवारी रजा मात्र टाकू नका. ऑफिसात बोलावले तर एकटे जाऊ नका.