कुत्र्याच्या हिरडीतला नमुना: नवख्यांसाठी

पीसीआरचं (जीवाणूंचा डीएनए वाढवून ओळखणाऱ्या चाचणीचं) मशीन नंतर. आधी नमुना घ्यायला शीक. लाळेचा स्वॅब सोपा, पण आपल्याला हवे ते, हिरड्यांच्या आजाराशी जोडलेले जीवाणू हिरडीखालच्या फटीत दडलेले असतात. कुत्रा भुलीखाली असताना, दात साफ करण्याआधीच वरचा प्लाक निर्जंतुक कापसाने पुसून घे. मग पेपर पॉइंट, म्हणजे ओल शोषणारी कागदाची बारीक काडी, हलकेच फटीत सरकवून काही सेकंद तसाच ठेव. रक्त आलं तर दुसरी जागा बघ.

त्या जीवाणूंपैकी एक, पॉर्फिरोमोनास गुले, २००१ साली वेगळी प्रजाती ठरलेला, हवेत टिकत नाही. नमुना ऑक्सिजनविरहित माध्यमातच पाठव. हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेल्या ब्लड अगारवर (जीवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित जेलीवर), ३७ अंशांना, आठवडाभर तरी वाट पाहा. रोज ऑक्सिजनविरहित जार उघडून डोकावू नकोस. काळ्या वसाहती दिसल्या म्हणून हुरळूनही जाऊ नकोस, माणसाच्या तोंडातला त्याचा भाऊबंद जिंजिव्हॅलिसही काळाच. कॅटालेज चाचणीत, म्हणजे वसाहतीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर, गुले बुडबुडे देतो, जिंजिव्हॅलिस देत नाही. वसाहत उचलताना अगार खरवडलास तर रक्तपेशीही बुडबुडे देतात, आणि तिथेच भलेभले फसतात.

पीसीआर झटपट होतं, मान्य. पण मेलेल्या जीवाणूंचा डीएनएही त्यात मोजला जातो, त्यामुळे उपचारानंतरचा निकाल जपून वाच. आणि बाहेरचा डीएनए मिसळला नाही ना हे कळायला नमुना न घातलेली कोरी नळी प्रत्येक वेळी लाव, घाई असली तरी.