पोलीस कमी, म्हणून चित्रपट बंद?

प्रश्न : सेन्सॉरने पास केलेला चित्रपट एखाद्या धार्मिक संघटनेच्या निवेदनावरून कलेक्टर थांबवतात. हे कायद्यात बसतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बसत नाही, बसवतात. माझ्या वकिली डोक्यात पहिल्यांदा येतो तो कमल हासनचा 'विश्वरूपम', कारण तिथे सरकारने आपली अडचण आकड्यांत मांडली होती. जानेवारी २०१३. तमिळनाडूतल्या मुस्लिम संघटनांनी चित्रपटातल्या मुस्लिमांच्या चित्रणावर आक्षेप घेतला, आणि ३१ जिल्ह्यांच्या कलेक्टरांनी १४४ कलम लावून पंधरा दिवस खेळ बंद केले. एकतीस जणांना एकदमच शांतताभंगाची चाहूल लागली म्हणायची! मुख्यमंत्री जयललितांनी पत्रकारांना हिशेब दिला : ५२४ थिएटरं, बंदोबस्ताला ५६ हजारांवर पोलीस, आणायचे कुठून?

याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९८९मध्येच देऊन ठेवलं होतं, तेही तमिळनाडूच्याच खटल्यात. आरक्षणावरच्या एका तमिळ चित्रपटाचं प्रमाणपत्र मद्रास हायकोर्टाने रद्द केलं होतं. सुप्रीम कोर्टाने ते परत दिलं आणि बजावलं की चिडलेला जमाव आवरता येत नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, तो आवरणं हेच त्याचं काम. 'विश्वरूपम'मुळे दुखावलेल्यांचं दुखणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी निदर्शनं करावीत, तिकीट काढू नये. प्रश्न सरकारचा आहे.

'विश्वरूपम'चं पुढे काय झालं? मद्रास हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी बंदी उठवली, दुसऱ्याच दिवशी खंडपीठाने तो आदेश थांबवला. मालमत्ता गहाण टाकून बसलेला निर्माता किती तारखा थांबणार? गृहसचिवांसमोर संघटनांशी बैठक झाली, सात ठिकाणी काटछाट ठरली आणि ७ फेब्रुवारीला चित्रपट लागला. म्हणजे सेन्सॉरनंतरचं हे दुसरं सेन्सॉर. त्याच्या निकालावर अपील नाही, कारण कागदोपत्री ती 'तडजोड' असते.

तुमच्याकडे असं घडलं तर आधी लेखी आदेश मागा. १४४ची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३व्या कलमाने घेतली आहे. आदेशात कारणं लिहावी लागतात आणि हायकोर्ट तीच तपासतं. पण बहुतेकदा कोणी साहेब थिएटरवाल्याला फोनवर एवढंच सांगतो, 'आजचा खेळ नको.' त्याला आव्हान कशाच्या आधारावर देणार? म्हणून थिएटरवाल्याने त्याच दिवशी पोलीस ठाण्यात पत्र द्यावं : अमुक वाजता तोंडी सूचना मिळाली, आदेशाची प्रत द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.