कासवाच्या वेषात पहिली मॅरेथॉन: जमेल, पण वेष बदलून

सागरी कासवांच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधी मिळावा म्हणून आपली पहिलीच पूर्ण मॅरेथॉन डोक्यापासून पायापर्यंत कासवाच्या वेषात धावण्याचा आपला विचार आहे. अर्धमॅरेथॉनचा अनुभव गाठीशी आहे आणि हाताशी पाच महिने आहेत, तेव्हा हे झेपेल का आणि अशा उपक्रमातून पैसे खरोखर उभे राहतात का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते झेपेल, मात्र आपण वर्णन केलेला वेष, म्हणजे पाठीवर व छातीवर कवच आणि तोंडावर बंद मुखवटा, जसाच्या तसा ठेवून झेपणार नाही.

वेषात धावू पाहणारे बहुतेक जण वजनाची धास्ती घेतात आणि उष्णतेकडे दुर्लक्ष करतात. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो, आणि ती घालवण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. पाठ, छाती आणि डोके एकाच वेळी झाकले गेले की घाम नुसता निथळत राहतो. तो वाळत नाही, त्यामुळे अंग थंडही होत नाही. म्हणून छातीवरचे कवच रद्द करावे आणि तेथे कासवाच्या पोटाचे चित्र छापलेला पातळ, घाम लवकर वाळणारा बनियन घालावा. बंद मुखवट्याऐवजी कासवाचे डोके टोपीसारखे कपाळाच्या वर बसवावे. चेहरा मोकळा राहिला तर श्वास घेणे आणि पाणी पिणे सोपे जाते, आणि आपली प्रकृती बिघडू लागल्यास ते वाटेवरच्या वैद्यकीय पथकाच्या लगेच लक्षात येते.

उरले पाठीवरचे कवच. ते स्पंजाचे मुळीच करू नये, कारण स्पंज घाम आणि अंगावर ओतलेले पाणी शोषून घेतो आणि उत्तरार्धात तेच ओझे होऊन बसते. योगासनांच्या चटईसाठी वापरतात तसा पाणी न शोषणारा फोम घ्यावा, आणि पाठीला टेकू न देता कवच व पाठ यांच्यामध्ये हवा खेळेल इतकी फट ठेवावी. कवच केवळ खांद्यांवर लटकवू नये. गिर्यारोहकांच्या पाठपिशवीला असतो तसा कमरपट्टा लावून भार नितंबांवर घ्यावा. कडा अशा कापाव्यात की हात मागे गेल्यावर कोपर घासणार नाही आणि खालची कड मांडीच्या मागे आपटणार नाही. घरात आरशासमोर हे कधीच कळत नाही, दहा-बारा किलोमीटर धावल्यावरच कळते. वाऱ्यासाठी दोन-चार भोके ठेवावीत, नाहीतर आडव्या वाऱ्यात कवच शिडासारखे फुगते. आणखी एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही पण प्रत्येकाला लागते: वाटेवरच्या तात्पुरत्या शौचालयात शिरण्यापूर्वी हा सगळा डोलारा कोणाच्याही मदतीशिवाय उतरवता आणि पुन्हा चढवता आला पाहिजे.

सरावाचे पहिले तीन महिने साध्या कपड्यांतच धावावे, कारण पहिल्या मॅरेथॉनसाठी पाय तयार करणे हेच मुळात मोठे काम आहे. त्यानंतर आठवड्यातून एकदा कवच घालून छोटी धाव घ्यावी, आणि स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी एक मोठी धाव संपूर्ण वेषात करावी. पट्टा कोठे काचतो, काख कोठे सोलवटते हे तेव्हाच समजते. त्या जागी व्हॅसलीन सढळ हाताने लावावे.

वेगाचा हिशेब आधीच मांडावा. वेळेची मर्यादा सहा तासांची असेल, तर ४२.१९५ किलोमीटरसाठी दर किलोमीटरला साधारण साडेआठ मिनिटे मिळतात. छायाचित्रे, शौचालय आणि पट्टे सावरणे यांत वेळ जातोच, म्हणून पावणेआठ मिनिटांच्या गतीची तयारी असावी, म्हणजे अर्धा तास हाताशी राहतो. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. वेषातला धावपटू बराच वेळ मार्गावर असतो आणि प्रत्येक थांब्यावर पाणी पीत राहिला तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चक्कर, गोंधळल्यासारखे वाटणे किंवा पावले अडखळणे यांपैकी काहीही जाणवले तर कवच तत्काळ उतरवून मदत घ्यावी.

नोंदणीपूर्वी आयोजकांचे नियम वाचावेत. वेषधारी धावपटूंचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या लंडन मॅरेथॉनमध्ये ‘सेव्ह द ऱ्हायनो’ संस्थेसाठी सुमारे १० किलोचा गेंडा अंगावर घेऊन लोक वर्षानुवर्षे धावत आले आहेत, तर २००२ साली लॉइड स्कॉट यांनी तेथेच पाणबुड्याचा जुना, अतिशय जड पोशाख घालून पाच दिवसांहून अधिक काळ चालत अंतर पूर्ण केले. याउलट बॉस्टन मॅरेथॉनने २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर चेहरा झाकणाऱ्या आणि अवजड वेषांवर निर्बंध आणले. उंचीचाही विचार करावा: २०१९ मध्ये लंडनला बिग बेनच्या वेषातील धावपटू अंतिम रेषेवरील कमानीतच अडकला होता. त्याचे छायाचित्र जगभर गेले हे खरे, पण त्या भरवशावर राहू नये.

आता पैशांविषयी. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. वेषामुळे लोक वळून पाहतात, हसतात, छायाचित्र काढतात. देणगी मात्र मागितल्यावरच मिळते, आणि ती प्रामुख्याने आपल्याला ओळखणाऱ्यांकडून मिळते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अनोळखी गर्दीवर फारशी आशा ठेवू नये. सर्वप्रथम संस्थेची लेखी संमती घ्यावी आणि देणगी आपल्या खात्यात न घेता थेट संस्थेच्या खात्यात जाईल अशी व्यवस्था करावी. प्रवेशशुल्क, बूट आणि फोम यांचा खर्च आपण स्वतः करत आहोत, हे आवाहनातच लिहावे, कारण देणाऱ्याच्या मनात पहिली शंका तीच येते. आवाहन जाहीर करण्यापूर्वी चार-पाच जवळच्या माणसांकडून बऱ्यापैकी रकमा मिळवाव्यात. पहिले आकडे पाहूनच पुढचे लोक आपली रक्कम ठरवतात, आणि शून्यावर उभ्या असलेल्या देणगीच्या पानावर पहिला हात कोणी घालत नाही. सर्वांना एकच संदेश पाठवण्यापेक्षा प्रत्येकाला नावानिशी दोन ओळी लिहिणे कंटाळवाणे असले तरी त्याचे फळ अधिक मिळते. कवच घालून केलेल्या सरावाची छायाचित्रे अधूनमधून टाकत राहावीत; रंगलेले, घामाघूम कासव पाहून विसरलेल्यांना आठवण होते. कवचावर संस्थेचे नाव दुरून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहावे. क्यूआर कोड लावू नये, कारण हलणाऱ्या पाठीवरचा कोड कोणाला टिपता येत नाही.

शर्यतीनंतरचा आठवडा वाया घालवू नये. ‘पूर्ण केलीस की देईन’ म्हणणारे बरेच असतात, आणि त्यांना पदकासह छायाचित्र पाठवून आठवण करून देण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आपल्या शर्यतीची वेळमर्यादा आणि त्या दिवसांतील तापमान कळवल्यास कवचाच्या मापांविषयी अधिक नेमके सांगता येईल. तोवर फोम कापू नये.