काचबिंदूच्या ऑपरेशनची भूल: मिरजेत नव्याने आलेल्या डॉक्टरला

मोतीबिंदूच्या भुलेवर तुझा हात बसलाय हे मान्य, पण काचबिंदूत तीच सवय अंगाशी येते. पेरिबल्बर ब्लॉकमध्ये, म्हणजे डोळ्याच्या गोळ्याभोवती सुई घालून, सात-आठ मिली भुलेचं औषध सोडून वरून दाब द्यायचा, हे ज्याची नस आधीच वाळत आलीय अशा डोळ्याला परवडत नाही. डोळ्यातला दाब चढतो आणि उरलीसुरली दृष्टी जाऊ शकते. मी शक्यतो सब-टेननच देतो, म्हणजे बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली औषध सोडतो: आधी बधिर करणारे थेंब, मग खालच्या, नाकाकडच्या बाजूला छोटा छेद, बोथट कॅन्युला (बारीक नळी) आणि दोन टक्के लिग्नोकेन, जेमतेम दोन-तीन मिली. अॅड्रेनालिन घालूच नको, त्याने नसेकडचा रक्तपुरवठा आकसू शकतो. वरचा कंजंक्टायव्हा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा, अजिबात छेडायचा नाही; ट्रॅबचा (काचबिंदूच्या ऑपरेशनचा, ट्रॅबेक्युलेक्टॉमीचा) ब्लेब, म्हणजे आतलं पाणी झिरपायचा फुगवटा, तिथंच बनवायचाय. माझ्याकडून एकदा वर रक्त साकळलं होतं. सर्जनसाहेब दिवसभर बोलले नाहीत.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे आदल्या दिवशीच विचार. जतकडची माणसं गोळीचं नाव सांगत नाहीत, "हार्टची पांढरी" म्हणतात; पिशवीच मागून घे.

आणि बोलत राहा. "मावशी, दाबल्यासारखं वाटंल, दुखलं तर सांगा, मान हलवू नका." भुलेने काही वेळ अंधार येऊ शकतो, हेही आधीच सांग. नाहीतर एकच डोळा शाबूत असलेला माणूस तेवढ्यात घाबरून टेबलावर उठून बसतो. खोकला असेल तर तारीख पुढं ढकल. लघवीला पाठवायला विसरू नकोस.