खांद्याचं हाड म्हणजे नेमकं कोणतं?

प्रश्न असा आलाय की पोरगा गाडीवरून पडला, रिपोर्टमध्ये क्लॅव्हिकल फ्रॅक्चर लिहून आलं, घरी सांगितलं खांद्याचं हाड मोडलं, पण मग स्कॅप्युला म्हणजे काय, तेही खांद्याचंच ना, मराठीत वेगळे शब्द आहेत की नाही?

आहेत ना. क्लॅव्हिकल म्हणजे हासळी, आपल्या नागपुरात हिंदीच्या संगतीनं हंसली पण चालते, आणि त्याच नावाचा गळ्यातला दागिना पण असतो, तो घातला की बरोबर त्या हाडावर टेकतो. स्कॅप्युला म्हणजे खवाटा, जनावराचा असला तर फरा. खांदा हे मुळात हाडाचं नावच नाही, जागेचं नाव आहे, तिथं समोरून हासळी येते, मागून खवाटा आणि खालून दंडाचं हाड. दंड, मनगट हेही तसंच, सगळ्या जागा. माझं मत असं की जे हाड कातडीखाली बोटाला लागतं त्यालाच बोलीत स्वतःचं नाव मिळतं, बाकीची बिनानावाची राहून जातात.

पुस्तकातली नावं मात्र संस्कृतातून आणलेली, हासळीला जत्रुक, खवाट्याला अंसफलक, दंडाच्या हाडाला प्रगंडास्थी वगैरे. यातल्या जत्रुकाची गंमत आहे. चरकसंहितेत शरीराची 360 हाडं मोजली आहेत, त्यात अंसफलकं दोन, अक्षक दोन, आणि जत्रु एकच! आता हासळ्या तर दोन असतात, म्हणजे चरकाच्या हिशेबात हासळी म्हणजे अक्षक, जत्रु काहीतरी दुसरंच, पण आज क्लॅव्हिकलला जत्रुक हेच नाव पक्कं झालंय. सक्करदऱ्याच्या आयुर्वेदिक कॉलेजातली पोरं ऊर्ध्वजत्रुगत रोग म्हणून गळ्याच्या वरचे, डोळे-कान-नाकाचे आजार शिकतात, त्यातही हाच जत्रु शब्द आहे.

दंडाच्या हाडाला, म्हणजे ह्युमरसला, चरक बाहुनलक म्हणतो. हा शब्द मला प्रगंडास्थीपेक्षा कितीतरी आवडतो, कारण नलक म्हणजे आपली नळीच, सावजीत बसून रश्श्यातली मागतो ना, तीच, आत पोकळ आणि मगज भरलेला. प्रगंडास्थी ऐकून कोणाला काय कळणार बाप्पा?

आणि हो, खांदा निखळला म्हणतात तेव्हा काही मोडलेलं असेलच असं नाही. दंडाच्या हाडाचा गोल माथा खवाट्याच्या उथळ खळगीतून बाहेर येतो, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. याला उखळीचा सांधा म्हणतात, पण खांद्याची उखळ फारच उथळ, म्हणून हात चहूबाजूंनी फिरतो आणि निखळतोही लवकर. मोडला आणि निखळला यांत घोळ करू नका.

कोपराखालच्या दोन हाडांना बोलीत वेगळी नावं मला तरी ऐकू आली नाहीत. चरक दोन्ही हातांची मिळून चार मोजतो आणि त्या भागाला अरत्नि म्हणतो, जे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं माप पण आहे. शाळेत अंगठ्याकडचं रेडियस ते बहिःप्रकोष्ठास्थी, करंगळीकडचं अल्ना ते अंतःप्रकोष्ठास्थी. पण हे बाहेरचं-आतलं तळहात समोर करून उभं राहिलं तरच खरं, तळहात मागे फिरवला की रेडियस अल्नावर आडवं जातं आणि मनगटाशी आतल्या बाजूला येतं, म्हणून बाजू पाठ करण्यापेक्षा अंगठा बघा.